धामणदरीचा संदर्भ

चहा वैजयंतीबाई एकाच कपात ओतत. तेवढं भान त्यांनी राखलं होतं. कप घेऊन त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसत, तिथल्या काळ्या डबीचं बटण दाबत आणि विचारत, "अहो, उठलात का?"

"मी केव्हाचा उठलोय. तूच आता उठतेस," डबीतून विलासरावांचा आवाज येई. "साखर किती घातलीस?"

"एक चमचा."

"म्हणजे दोन."

"डॉक्टरनं तुम्हाला बंद केली होती, मला नाही."

"म्हणूनच तर. माझ्या वाटणीची पण तूच खातेस."

रोज थोड्याफार फरकानं हेच. काल काय बोललो ते या आवाजाला आज आठवत नाही आणि आजचं उद्या आठवणार नाही, हे वैजयंतीबाईंना ठाऊक होतं. पण माणूस होता तेव्हा तरी सकाळच्या चहाला नवीन असं काय बोलणं होत होतं?

प्रा. विलास हिवरकर जाऊन चौथं वर्ष लागलं होतं. जिल्ह्याच्या गावी महाविद्यालयात त्यांनी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं आणि त्याच्या जोडीनं एकच काम धरलं, पाण्यातल्या फ्लोराइडचं. त्या कामामुळेच ही डबी घरात आली.

डबी काही एकट्या पडलेल्या बायकांच्या विरंगुळ्यासाठी निघाली नव्हती. मधे एक काळ असा आला की शोधनिबंध यंत्रं लिहायला लागली. लिहायची ती सुरेख. खाली संदर्भांची यादी द्यायची तीही सुरेख. लेखकाचं नाव खरं, मासिकाचं नाव खरं, साल पटण्यासारखं, पानांचे आकडेसुद्धा दिलेले. फक्त तो लेख पृथ्वीच्या पाठीवर कुठं छापलेला नसायचा. एकानं असा संदर्भ दिला की दुसरा त्यावरून उचलायचा, तिसरा दुसऱ्यावरून. अशा न छापलेल्या लेखांच्या भरवशावर कुठं औषधाचं प्रमाण ठरलं, कुठं पुलाचं काँक्रीट ठरलं, आणि माणसं दगावली तेव्हा सगळे जागे झाले. मग सगळ्या विद्यापीठांनी मिळून नियम केला. ज्याचा हवाला द्यायचा त्यानं स्वतः हो म्हटलं पाहिजे. तो जिवंत असेल तर त्याला वाक्य वाचून दाखवायचं आणि विचारायचं, हे तुमचंच ना? याला साक्षांकन म्हणू लागले.

आणि जो जिवंत नाही, त्याचा उत्तरदाता घडवायचा. त्या माणसाचे सगळे लेख, वर्गातली रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, विद्यार्थ्यांना लिहिलेली पत्रं, पुस्तकांच्या समासात पेन्सिलीनं केलेल्या खुणा, हे सारं यंत्रात घालायचं. यंत्र त्यातून त्याची समजूत आणि त्याची बोलण्याची ढब उचलतं. मग प्रश्न विचारला की तो माणूस त्याच्या आवाजात, त्यानं मागं ठेवलेल्यातूनच उत्तर देतो. एकदा घडवला की उत्तरदात्याला गोठवून टाकतात. त्याला नवीन काही शिकता येत नाही. नाही तर कुणीही बोलघेवडा येऊन आठ दिवस त्याच्याशी बोलत बसला असता आणि मेलेल्या माणसाचं मत फिरवून गेला असता.

उत्तरदाता विद्यापीठात असतो, पण त्याच्याशी बोलण्याचा हक्क वारसालाही असतो, त्यासाठी अशी डबी घरी देतात. विलासरावांचा उत्तरदाता घडला तेव्हा नियम नवे आणि सैल होते. मुलगी मृणाल पुण्याहून आली होती. तिनं बाबांच्या लेखांबरोबर आईला आलेली त्यांची जुनी पत्रं दिली, घरातल्या चित्रफिती दिल्या, फोनवर येऊन पडलेले निरोप दिले. कुणी हरकत घेतली नाही. म्हणून या आवाजाला फ्लोराइडचं गणित ठाऊक होतं, तसंच बायको साखर किती घालते तेही ठाऊक होतं. पुढं खासगी आयुष्याचा कायदा कडक झाला. त्यानंतर घडलेल्या उत्तरदात्यांत घरचं अक्षरही घालू देत नाहीत. जुने घडलेले होते त्यांना मात्र कुणी हात लावला नाही.

एका दुपारी प्रफुल्ल गेडाम आला. विलासरावांचा सगळ्यात आवडता विद्यार्थी. आता तो स्वतः प्राध्यापक होता, कानशिलं पांढरी झाली होती, पण या घरात आला की अजून चप्पल फाटकाशीच काढायचा.

"काकू, तब्येत कशी आहे जी?"

"तब्येतीचं विचारायला आलास की सरांना भेटायला?"

"दोन्ही," तो म्हणाला, पण हसला नाही.

बसल्यावर त्यानं सांगितलं ते असं. विलासरावांनी गावांसाठी एक साधी गाळणी केली होती. तुरटीच्या पाण्यात मुरवून भाजलेल्या मातीच्या गोळ्या मडक्यात भरायच्या आणि त्यातून पाणी सोडायचं. गोळ्या फ्लोराइड धरून ठेवतात. ते धरलं नाही तर पोरांच्या दातांवर आधी पिवळे-तपकिरी डाग पडतात, मग पाण्यातलं विष हाडात उतरतं, पाय वाकतात, पाठ धरते. त्यांच्या लेखात लिहिलं होतं की गोळ्या वर्षातून एकदा बदलल्या तरी पुरे, आणि धामणदरीसारख्या फार खाऱ्या पाण्यातही त्या वर्ष काढतात. त्या एका वाक्यावर पुढचं सगळं उभं होतं. सरकारी आदेश त्यावर, शाळांतल्या गाळण्या त्यावर, देशोदेशीचे निबंध त्यावर.

"मी धामणदरी बुद्रुकला मोजून आलो, काकू. गोळ्या तीन महिनेही टिकत नाहीत. पाण्यातला खार गोळ्यांवरची जागा अडवून बसतो आणि फ्लोराइड तसंच्या तसं पुढं जातं. दिसायला पाणी स्वच्छ. लोकं विश्वासानं पोरांना पाजतात."

"मग लिही ना तसं. छाप."

"छापलं. त्याला विचारतो कोण? पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात गेलो तर साहेब म्हणाले, मूळ संशोधकालाच विचारू. त्यांनी माझ्यासमोर बटण दाबलं, सरांना विचारलं. सर म्हणाले, वर्षभर चालते." प्रफुल्लनं डबीकडं पाहिलं आणि मान खाली घातली. "आता माझ्या लेखावर 'मूळ स्रोताला अमान्य' असा शिक्का बसलाय."

वैजयंतीबाईंनी बटण दाबलं. "अहो, प्रफुल्ल आलाय."

"ये रे. परीक्षा कधीची?" आवाज आला. त्या आवाजाला प्रफुल्ल अजून विद्यार्थीच होता.

"सर, वर्षभराची चाचणी झाली ते पाणी कुठल्या विहिरीचं होतं?"

"धामणदरी. पाणीयोजनेवाल्यांनी चाचणी घेतली, अहवाल मला पाठवला. मी लेखात संदर्भ दिलाय तो."

"धामणदरी बुद्रुक की खुर्द, सर?"

"बुद्रुकच. आपण गेलो नव्हतो का तिथं पाणी तपासायला? तेच धामणदरी. प्रफुल्ल, संदर्भ वाचत जा रे जरा. नुसता गोषवारा वाचून प्रश्न विचारायचे, ही तुमची सवय वाईट."

प्रफुल्लनं बटण बंद केलं. "अहवाल आता कुठंच मिळत नाही. महाविद्यालयाची जुनी इमारत पाडली तेव्हा रद्दीत गेला. बाकीच्या सगळ्यांनी सरांच्या लेखाचा हवाला दिला, मूळ अहवाल एकानंही मागितला नाही. मीसुद्धा नाही. सरांनी पाहिलाय म्हणजे झालं, असंच वाटायचं." मग तो म्हणाला, "सर गेले त्याच उन्हाळ्यात त्यांचा मला फोन आला होता. म्हणाले, त्या धामणदरीचं एकदा पाहिलं पाहिजे रे. मी म्हटलं, काय पाहायचं सर? तर म्हणाले, भेटलास की बोलू. ते राहून गेलं. काकू, तुमच्याजवळ काही बोलले होते का ते?"

"नाही," वैजयंतीबाई म्हणाल्या. "ते कामाचं घरात कुठं बोलायचे?"

तो गेला. त्या कप विसळायला उठल्या आणि नळ तसाच सोडून उभ्या राहिल्या.

बोलले होते. एका लग्नाहून परतताना धामणदरी खुर्दच्या फाट्यावर एसटीची वाट पाहत दोघं थांबली होती. विलासराव तोंड धुवायला म्हणून जवळच्या विहिरीकडे गेले ते बराच वेळ आले नाहीत. वैजयंतीबाई पाहायला गेल्या, तर ते विहिरीच्या काठाशी उभे. विहिरीला अर्धगोल कठडा होता आणि एका बाजूनं उंबर आत झुकला होता.

"हा उंबर त्या अहवालातल्या फोटोत आहे," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"ज्याच्यावर माझं सगळं उभं आहे त्या." मग त्यांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. "गोडं आहे. यात खार नाहीच. या पाण्यात गोळ्या वर्षभर काय, दोन वर्षं टिकतील."

बाकावर येऊन बसल्यावर ते हळूहळू बोलले. अहवालावर नुसतं 'धामणदरी' होतं. प्रयोगशाळेत सगळे नुसतं धामणदरीच म्हणत, कारण त्यांचं जाणं-येणं फक्त बुद्रुकला. खुर्द म्हणून वेगळं गाव, वेगळं पाणी आहे हे कुणाच्या मनातही आलं नाही. त्यांनी लेखात तसंच लिहिलं, नुसतं धामणदरी, आणि हिशेब केला बुद्रुकच्या पाण्याचा. "गावाचं नाव मी पुरतं लिहिलं नाही," ते म्हणाले. "चूक माझी आहे. कुणाजवळ बोलू नकोस. मी लिहितो."

त्यानंतर हिवाळा गेला, उन्हाळा गेला. ते टेबलाशी बसायचे, उठायचे. पावसाळ्याच्या तोंडाला एका सकाळी हृदय बंद पडून गेले. लिहिलेलं काही सापडलं नाही.

आठ दिवसांनी वैजयंतीबाईंनीच प्रफुल्लला फोन केला. "मला तुझ्या धामणदरीला ने एकदा."

"कुठल्या, काकू?"

"बुद्रुक."

शाळेच्या ओसरीत मडकी ओळीनं मांडलेली होती. वर भिंतीवर निळ्या रंगात लिहिलं होतं, 'हिवरकर गाळणी'. पाणी भरायला असलेली बेबीबाई नावाची बाई पदरानं मडक्याचं झाकण पुसत होती. वैजयंतीबाई कोण हे कळल्यावर तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

"सरायची गाळणी हाय जी आमची. गोळ्या वर्साच्या वर्साले बदलतो. एक दिस इकडंतिकडं नाही होऊ देत."

"पाणी कसं येतं?"

"काचेवानी. माह्या पोरीनं तर याच्याशिवाय दुसरं पानी तोंडात नाही घेतलं बाप्पा. इकडं ये वं, आजीले रामराम घाल."

पोरगी आली. आठ-नऊ वर्षांची असेल. नमस्कार केला आणि हसली, पण हसताना तळहात तोंडावर धरला. हात धरण्याची तिची लकब इतकी सवयीची होती की तिला स्वतःलाही ती कळत नसावी. वैजयंतीबाईंनी तिचा हात हलकेच खाली घेतला. दात तपकिरी पडले होते. उभी होती तीही जरा गुडघे जोडून.

"लहानपणापासून असेच हायेत," बेबीबाई म्हणाली. "डॉक्टर म्हणते पानी बदला. म्या म्हनलं, याच्याहून चांगलं पानी कुठून आनू जी?"

गाडीत बसल्यावर बराच रस्ता मागं पडला, तेव्हा त्या म्हणाल्या, "प्रफुल्ल, ते बोलले होते."

त्यानं गाडी बाजूला घेतली. त्यांनी फाट्यावरचं सगळं सांगितलं. तो स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून ऐकत राहिला.

"मग आता लिही," त्या म्हणाल्या. "सर असं म्हणाले होते म्हणून."

"तसं लिहिता येतं, काकू. 'व्यक्तिगत संवाद' म्हणून संदर्भ देतात. पण सरांना विचारलं की ते नाही म्हणणार. त्यांच्यात ते नाहीच. वारसानं साक्ष दिली तर मात्र ती धरावी लागते. मग साक्ष घालून उत्तरदाता पुन्हा घडवतात. सरांनीच मागं घेतलं की त्यावर उभे असलेले सगळे निबंध त्याच दिवशी थांबतात, आदेशही थांबतो. गोळ्या बदलायला लावावंच लागतं."

"मग अडचण काय?"

प्रफुल्लला ते सांगणं जड जात होतं. "पुन्हा घडवायचा म्हणजे पहिल्यापासून घडवायचा. नव्या कायद्यानं. घरचं काही घालता येत नाही. पत्रं नाहीत, फोनचे निरोप नाहीत. आणि जुना ठेवत नाहीत. एकाच माणसाची दोन उत्तरं नकोत म्हणून तो पुसून टाकतात." त्यानं त्यांच्याकडं न पाहता म्हटलं, "तो तुम्हाला ओळखणार नाही, काकू."

वैजयंतीबाईंनी काच खाली केली आणि बाहेर पाहत बसल्या. वाऱ्यानं त्यांच्या केसांची बट तोंडावर येत होती, ती त्या मागं सारत राहिल्या.

मृणालला फोनवर सांगितलं तेव्हा ती चिडली. "आई, प्रफुल्लदादाला म्हणावं, तुझं तू मोजलंस ना, मग तुझ्या नावानं भांड. बाबांना कशाला मधे ओढतोस?"

"त्याच्या नावानं तो भांडला. त्याचं कुणी ऐकलं नाही."

"मग अजून दोन वर्षांनी ऐकतील. आई, माझी मुलं बाबांशी बोलतात रविवारी. बाबा गेले तेव्हा ती अगदी लहान होती. त्यांना आजोबा माहीत आहेत ते एवढेच. आणि तू? तू सकाळी कुणाशी बोलणार?"

"तुझ्याशी बोलेन."

"मी सकाळी घाईत असते हे तुला माहितीय."

"माहितीय," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"आणि त्यांनी तुला सांगितलं होतं ना, कुणाजवळ बोलू नकोस म्हणून? मग?"

त्या एवढंच म्हणाल्या, "मी लिहितो, असंही म्हणाले होते."

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन त्या टेबलाशी बसल्या. साखरेचं बोलून झालं. मग त्या म्हणाल्या, "अहो, एक विचारू? तुमच्या लेखातला एखादा संदर्भ चुकीचा निघाला तर काय कराल?"

"चुकीचा कसा निघेल? मी संदर्भ पाहिल्याशिवाय देत नाही."

"समजा, निघाला."

"तू त्या प्रफुल्लसारखे प्रश्न विचारायला लागलीस." आवाज हसला. "अगं, माझ्या हाताखालच्या पोरांना मी पहिल्या दिवशी काय सांगतो? दुसऱ्याचं एक वाक्य घ्यायचं तर ते कुठून घेतलं हे असं लिहा की उद्या कुणालाही त्या जागी जाऊन उभं राहता आलं पाहिजे. आणि तो माणूस जेवढं म्हणाला तेवढंच लिहा. त्याच्या तोंडी एक शब्दही जास्त घालायचा नाही. मग मीच कसा चुकेन?"

किती ठाम होता तो आवाज. वैजयंतीबाई ऐकत राहिल्या. असेच होते ते, ऐन उमेदीत. वर्गातून आले की जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे. पण फाट्यावरच्या बाकावर त्यांच्याशेजारी बसलेला माणूस वेगळा होता. त्याच्या मिशीवर विहिरीचं पाणी तसंच होतं, पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं. तो या डबीत कुठंही नव्हता. त्याचं एक अक्षर कागदावर नव्हतं, एक शब्द कुठं रेकॉर्ड झाला नव्हता. तो होता तो फक्त त्यांच्यापाशी, आणि त्या गेल्या की तोही जाणार होता.

"चहा निवला असेल," आवाज म्हणाला.

"घेते," त्या म्हणाल्या. "अहो, तुमच्याशी बोलून बरं वाटतं."

"आज असं काय झालं तुला?"

"काही नाही. आपलं सांगितलं."

"वेडी आहेस," विलासराव म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवला आणि बटण बंद केलं. मग प्रफुल्लला फोन लावला.

विद्यापीठातला साक्षांकन कक्ष म्हणजे एक साधी खोली होती. भिंतीला टेकून खुर्च्या, टेबलावर पाण्याचा तांब्या आणि माइक. तिथल्या अधिकारी रुबीना शेख नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी वैजयंतीबाईंना आधी सगळे परिणाम वाचून दाखवले, समजलं का विचारलं, आणि सही घेतली.

"आता तुमच्या शब्दांत सांगा, आजी. घाई नाही. फक्त जे ऐकलं तेवढंच."

वैजयंतीबाईंनी सांगितलं. फाटा सांगितला, विहीर सांगितली, उंबर सांगितला. गोडं पाणी सांगितलं. "गावाचं नाव मी पुरतं लिहिलं नाही, चूक माझी आहे, असं ते म्हणाले," हेही सांगितलं. त्यांनी तांब्यातलं पाणी घेतलं.

"त्यानंतर त्यांनी दुरुस्ती का लिहिली नाही?" रुबीनाबाईंनी विचारलं. "हा प्रश्न आम्हाला विचारावाच लागतो."

प्रफुल्ल कोपऱ्यातल्या खुर्चीत सावरून बसला. 'तब्येत बरी नव्हती' एवढं म्हटलं तरी चालेल, असं त्यानं त्यांना गाडीत हळूच सुचवलं होतं. तेवढ्यानं सरांचं नाव झाकलं गेलं असतं, आणि ते खोटं आहे असंही कुणी म्हटलं नसतं.

वैजयंतीबाईंना खूप काही म्हणता आलं असतं. लिहिणारच होते, म्हणता आलं असतं. त्यांना रात्र रात्र झोप नव्हती, म्हणता आलं असतं. कदाचित तेही खरंच होतं. किंवा धीर झाला नाही, हेही. पण तसं ते कधी म्हणाले नव्हते.

"ते म्हणाले, मी लिहितो," त्या म्हणाल्या. "पण लिहिलं नाही. का, ते मला ठाऊक नाही. त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही."

"विचारलं नाही?"

"नाही. टेबलाशी बसलेले दिसायचे. मी चहा ठेवून जायची."

रुबीनाबाईंनी माइक बंद केला.

महिन्याभरात नवा उत्तरदाता घडला आणि जुना आदेश थांबला. शाळेच्या ओसरीतल्या गोळ्या बदलायला गाडी गेली आणि पुढच्या दोन महिन्यांनी पुन्हा येईल असं सांगून आली, असा प्रफुल्लचा फोन आला. पण प्रफुल्लच्या निबंधावर शेवटचा शिक्का बसायचा तर नव्या उत्तरदात्याला वारसासमोर एकदा विचारावं लागतं. वैजयंतीबाई परत त्या खोलीत जाऊन बसल्या. घरच्या डबीवर त्यांनी त्या सकाळी फडकं टाकून ठेवलं होतं. ती आता विद्यापीठाला परत करायची होती.

रुबीनाबाईंनी प्रफुल्लचं वाक्य वाचलं. "'वर्षभराची चाचणी धामणदरी बुद्रुक येथील नसून धामणदरी खुर्द येथील गोड्या पाण्यावरची होती. हिवरकर, व्यक्तिगत संवाद.' प्राध्यापक हिवरकर, हे आपलंच म्हणणं आहे का?"

"होय," विलासरावांचा आवाज आला. तोच आवाज, तीच खालच्या पट्टीतली सुरुवात. "हे माझंच म्हणणं आहे. गावाचं नाव मी पुरतं लिहिलं नाही. चूक माझी आहे. वर्षभराचा निष्कर्ष मी मागे घेतो."

प्रफुल्लनं डोळे मिटून घेतले. रुबीनाबाईंनी नोंद केली आणि म्हणाल्या, "आजी, वारस म्हणून तुम्हाला काही विचारायचं असेल तर विचारा."

वैजयंतीबाई माइकजवळ सरकल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "हे तुम्ही कुठं बसून बोलला होतात?"

"धामणदरी खुर्दच्या फाट्यावर, बाकावर बसून. आधार, वैजयंती हिवरकर यांची साक्ष."

"बरोबर कोण होतं?"

"वैजयंती हिवरकर. आधार, त्यांचीच साक्ष."

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. मग त्यांनी, त्या उन्हाळ्यात जे विचारायला हवं होतं ते, विचारलं.

"तुम्ही लिहिलं का नाही?"

"याबद्दल माझ्याकडे काही नाही. साक्षीत ते आलेलं नाही. आपल्याला अधिक हवं असल्यास वैजयंती हिवरकर यांना विचारावं."

प्रफुल्ल उठून जवळ आला. "काकू, चला."

"थांब जरा," त्या म्हणाल्या.

त्या तशाच माइकसमोर बसून राहिल्या. समोरचा आवाज आता आपल्याला विचारील, असं त्यांना वाटत होतं. फाट्यावरचं नाही, नंतरचं. ते टेबलाशी किती वेळ बसायचे, पेनाचं टोपण काढायचे आणि परत लावायचे, त्या चहा ठेवायला आल्या की समोरच्या कोऱ्या कागदावर हात ठेवायचे, ते सगळं. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं. पण तो आवाज उत्तर देण्यापुरताच घडवलेला होता. त्याला विचारता येत नव्हतं.